वापरलेला स्कायडायव्हिंग रिग घेताना रंग नको, वय बघा

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका मुलाचा गेल्या महिन्यात रात्री साडेअकराला मेसेज आला. "ताई, दोन हजार डॉलरला अख्खा रिग मिळतोय. लई भारी आहे. घेऊ का?" सोबत चार फोटो. काळा-केशरी रंगाचा छत्रीचा संच, पाठीवर अडकवलेला, आणि एका फोटोत निळ्या आभाळात फुललेली छत्री.

मी विचारलं, एएडी, म्हणजे वेळ पडली तर राखीव छत्री आपोआप उघडणारं यंत्र, कुठल्या सालचा आहे? रिझर्व्ह, म्हणजे ती राखीव छत्री, किती चौरस फुटांचा? दोऱ्या कधी बदलल्यात? अर्धा तास काही उत्तर नाही. मग आलं, "विचारून सांगतो."

या मुलानं थायलंडला जाऊन पंचवीस उड्या मारल्यात आणि ए लायसन्स मिळवलंय. म्हणजे तो आता प्रशिक्षकाशिवाय उडी मारू शकतो. नऊवारी नेसून विमानातून उडी घेणाऱ्या पुण्याच्या शीतल महाजन २०१८ मध्ये बातम्यांत आल्या, तेव्हा हा शाळेत होता. कोल्हापुरात उडी मारायची सोय नाही, तरी रजा आणि पैसे साठवून बाहेर जाऊन शिकणारी पोरं-पोरी आपल्याकडे आहेत. पंचवीस उड्या झाल्या की प्रत्येकाला स्वतःचा रिग हवासा वाटतो. नवा घ्यायचा तर आठ ते दहा हजार डॉलर, म्हणजे सात लाखांच्या पुढे. मग नजर वापरलेल्याकडे वळते. मीही तसाच घेतला आणि घेताना चुकले. म्हणून जे कळलं ते सगळं इथे लिहिते आहे.

### रिग म्हणजे नेमकं काय

रिग म्हणजे स्कायडायव्हर पाठीवर बांधतो तो पूर्ण संच. लांबून एक बॅग दिसते, पण ती चार वेगळ्या वस्तूंची जोडणी असते. पट्ट्यांसह असलेली बॅग म्हणजे कंटेनर. त्यात रोजच्या वापराची मुख्य छत्री, तिला मेन म्हणतात. मेन बिघडली तर उघडायची राखीव छत्री म्हणजे रिझर्व्ह. आणि चौथी वस्तू म्हणजे एएडी, माणसाला वेळेत काही करता आलं नाही तर आपोआप रिझर्व्ह उघडणारं छोटं यंत्र.

छत्री म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर सैन्यातली गोल छत्री येते. ११ डिसेंबर १९७१ ला टांगाईलवर उतरलेल्या २ पॅराची कथा आपल्याकडे घराघरात माहीत आहे, कारण ही पलटण मुळात मराठा लाइट इन्फंट्रीची. त्या गोल छत्र्या माणसाला खाली सोडतात, हव्या तिकडे नेत नाहीत. आजची स्कायडायव्हिंगची छत्री चौकोनी असते. कापडाचे दोन थर, मधे उशीच्या अभ्र्यासारखे कप्पे, पुढची बाजू उघडी. हवा आत शिरली की कप्पे फुगतात आणि कापडाचा पंख तयार होतो. तो पुढे उडतो, वळतो, ब्रेक लावला की मंदावतो.

कामशेतला पॅराग्लायडिंग केलेले विचारतात, तेच आहे ना हे? नाही. पॅराग्लायडर जमिनीवर पसरून फुगवतात आणि मग टेकडीवरून निघतात. इथे माणूस ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास वेगानं खाली येत असतो आणि त्या वेगात छत्री उघडते. तो झटका सोसायला कापड, दोऱ्या, पट्टे सगळं वेगळं लागतं. म्हणून एकाचं सामान दुसऱ्याला चालत नाही, कितीही स्वस्तात मिळालं तरी.

### चार वस्तू, चार वयं

जाहिरातीत रिगची एक किंमत लिहिलेली असते. त्यामुळे आपण त्याला एक वस्तू समजतो आणि तिथेच फसतो. प्रत्येक भागावर बनवल्याची तारीख छापलेली असते आणि प्रत्येकाचं म्हातारपण वेगळ्या चालीनं येतं.

सगळ्यात स्पष्ट वय एएडीचं. त्यावर बोलण्यासारखं काही नाही, मुदत संपली की संपली. जर्मनीतल्या एअरटेक कंपनीचा सायप्रस हा एएडी १९९१ मध्ये आला आणि या खेळात त्यानं असंख्य जीव वाचवले. त्याच्या पहिल्या पिढीतली सगळी यंत्रं आता बाद आहेत. सायप्रस-२ मध्ये सुरुवातीच्यांना साडेबारा वर्षं आणि नंतर बनलेल्यांना साडेपंधरा वर्षं. बेल्जियमच्या व्हिजिल या एएडीला वीस वर्षं. काही यंत्रं मधल्या काळात कंपनीकडे तपासणीला पाठवायची असतात, ते पाठवलं होतं का हेही विचारायचं. हे यंत्र करतं काय? हवेच्या दाबावरून उंची आणि वेग मोजत राहतं. अनुभवी लोकांसाठीचा सायप्रस साधारण साडेसातशे फुटांवर बघतो की माणूस अजून सेकंदाला पस्तीस मीटरपेक्षा जास्त वेगानं पडतोय का. पडत असेल तर रिझर्व्ह बंद ठेवणारा दोऱ्याचा फास एका बारीक पात्यानं कापून टाकतो. एवढंच काम. पण ते आयुष्यात एकदाच, आणि शंभर टक्के व्हावं लागतं. म्हणून "मुदत संपलीय पण चालू आहे" हे वाक्य ऐकलं की बोलणं तिथंच थांबवा.

कंटेनर सावकाश म्हातारा होतो. उन्हानं नायलॉन मरतं, घामानं आणि धुळीनं पट्टे कडक होतात. रंग विटला म्हणून तो वाईट नसतो, आणि रंग चकचकीत आहे म्हणून चांगलाही नसतो. वीस वर्षांच्या पुढचा कंटेनर काही केंद्रांवर चालवूनच घेत नाहीत, तेव्हा जिथे उडी मारणार आहात तिथे आधी विचारा. आणखी एक गोष्ट बघायची. मेन बाहेर खेचणारी छोटी पायलट छत्री पूर्वी पायाच्या पट्ट्यावर असायची, आता पाठीच्या खालच्या कोपऱ्यात असते. तुम्ही जिथे हात न्यायला शिकलात तिथेच ती हवी. घाबरलेला हात नवी जागा शोधत बसत नाही.

खांद्याजवळ तीन गोल कड्या एकात एक अडकलेल्या दिसतील. बिल बूथ या अमेरिकन माणसानं सत्तरच्या दशकात ही युक्ती काढली. मोठ्या कडीवरचा माणसाचा सगळा भार पुढच्या लहान कड्यांवर कमी होत होत एका बारीक फासावर येतो, आणि तो फास धरून ठेवते एक पिवळी केबल. ती ओढली की बिघडलेली मेन क्षणात सुटते. ही केबल बोटांनी पुसून बघा. मळकट, चिकट लागली तर मालकानं रिगकडे किती लक्ष दिलं ते तिथेच कळतं.

### आधी वजन, मग किंमत

छत्री किती मोठी घ्यायची याचं गणित सोपं आहे. आपलं वजन अधिक कपडे अधिक रिग, हे पौंडात. भागिले छत्रीचं क्षेत्रफळ, चौरस फुटांत. या आकड्याला विंग लोडिंग म्हणतात. समजा तुमचं वजन ७५ किलो. रिग, हेल्मेट, बूट मिळून अजून अकरा. एकूण ८६ किलो, म्हणजे जवळपास १९० पौंड. १९० चौरस फुटांच्या छत्रीखाली तुमचा आकडा १ येतो. नवशिक्यानं याच्या वर जाऊ नये. तीच व्यक्ती १५० च्या छत्रीखाली गेली तर आकडा १.२७.

कागदावर फरक चिमूटभर वाटतो. तालमीत सत्तर किलोच्या पोराला नव्वद किलोच्या गड्यासमोर उभं केलं तर काय होतं ते कोल्हापुरात कुणाला सांगायला नको. छोटी छत्री वेगानं पुढे जाते, वेगानं खाली येते, आणि वळली की उंची भसकन खाते. जमिनीजवळ घाईनं घेतलेलं एक वळण पुरतं. छत्री व्यवस्थित उघडलेली असताना, तिच्यात काही बिघाड नसताना, फक्त उतरताना माणसं मोडतात आणि मरतात. हे सांगताना मी शब्द मऊ करणार नाही.

### "पुढं लहान लागणारच, मग आत्ताच का नको?"

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो. त्यामागे पैशाचा विचार असतो, मी समजू शकते. बाजारात लहान छत्र्या भरपूर, कारण लोक त्या घेतात, घाबरतात किंवा आणखी लहान घेतात आणि जुनी विकतात. १९० आणि २१० च्या चांगल्या छत्र्या लगेच उठतात. त्यामुळे स्वस्तात दिसते ती बहुतेक वेळा तुमच्यासाठी लहानच असते.

आणि कंटेनरचा मापाशी संबंध असतो. १५० साठी शिवलेल्या कंटेनरमध्ये १९० कोंबता येत नाही. म्हणजे छोटा रिग घेतला की तुम्ही छोट्या छत्रीला बांधले गेलात. मोठी छत्री मात्र शंभर-दीडशे उड्यांनंतर विकता येते, आणि तिला गिऱ्हाईक असतंच.

पट्ट्यांचंही तेच. कोल्हापुरी पायतान घेताना आपण चार पावलं चालून बघतो. हार्नेस तर पायतानापेक्षा कडक. सैल असेल तर छत्री उघडल्यावर पट्टे खांद्यावरून वर सरकतात आणि ओढायची हँडलं हाताला सापडायची तिथे राहत नाहीत. हार्नेस लहान-मोठा करता येतो, पण ते काम त्यासाठी परवाना असलेल्या वरच्या श्रेणीच्या रिगरचं, म्हणजे छत्री-तंत्रज्ञाचं. महाद्वार रोडवरचा कितीही हातखंडा असलेला शिलाईवाला असू दे, त्याच्याकडे हा पट्टा न्यायचा नाही.

### रिझर्व्हकडे कुणी बघतच नाही

फोटोत मेन असते, म्हणून सगळे मेनचंच विचारतात. रिझर्व्ह बंद कप्प्यात असतो, दिसत नाही. पण ज्या दिवशी तो लागेल त्या दिवशी तुम्ही घाबरलेले असाल, उंची कमी असेल, खाली मैदानाऐवजी उसाचा फड असेल. एएडीनं उघडला असेल तर कदाचित तुम्ही शुद्धीवरही नसाल. अशा वेळी १४३ च्या रिझर्व्हखाली ८६ किलो वजन उतरवणं म्हणजे आयुष्यातली पहिली वेगवान छत्री सगळ्यात वाईट दिवशी चालवणं. वजनाचं जे गणित मेनला, तेच रिझर्व्हला.

रिझर्व्ह फक्त रिगर पॅक करतो. रिगर म्हणजे परवाना असलेला छत्री-तंत्रज्ञ. अमेरिकेत दर १८० दिवसांनी तो उघडून, तपासून, परत पॅक करावा लागतो, वापरला नसला तरी. प्रत्येक वेळी रिगर एका कार्डावर तारीख, नाव आणि सही टाकतो, आणि रिझर्व्ह बंद ठेवणाऱ्या पिनेवर लाल दोरा गुंडाळून शिशाचं छोटं सील दाबतो. हे कार्ड म्हणजे गाडीचं आरसी बुक आणि सर्व्हिसिंगची वही एकत्र. कार्ड हरवलं म्हणणाऱ्याकडून काही घेऊ नका. परफॉर्मन्स डिझाइन्सच्या रिझर्व्हवर तर छापील चौकटी असतात. चाळीस वेळा पॅक झाला किंवा पंचवीस वेळा उघडला की तो तपासणीसाठी कंपनीकडे पाठवायचा.

### माझी चूक: दोऱ्या

माझ्या पहिल्या रिगच्या मालकानं लिहिलं होतं, "मेनवर जेमतेम दोनशे उड्या." मी खूश. पैसे देण्याआधी रिग रिगरकडे पाठवला तो केवळ एका मैत्रिणीनं हट्ट धरला म्हणून. रिगरनं छत्री लांब टेबलावर पसरली, एका खिळ्याला दोऱ्या अडकवल्या आणि टेप लावली. ब्रेकच्या दोऱ्या मापापेक्षा चांगल्या वीतभर आखूड निघाल्या.

कारण असं. छत्री एकदम उघडू नये म्हणून दोऱ्यांवर कापडाचा एक चौकोन असतो, त्याला स्लायडर म्हणतात. त्याच्या चार कोपऱ्यांत धातूच्या कड्या. छत्री उघडताना या कड्या दोऱ्यांवरून घसरत खाली येतात आणि घर्षणानं तापतात. स्पेक्ट्रा जातीची दोरी उष्णतेनं आखडते. कडेच्या दोऱ्या जास्त, मधल्या कमी. हळूहळू पंखाचा आकारच बिघडतो, छत्री झटक्यानं उघडायला लागते, आणि ब्रेक सोडलेला असतानाही ओढल्यासारखी उडते. व्हेक्ट्रान आणि एचएमए या जातीच्या दोऱ्या आखडत नाहीत, पण झिजल्यावर फारशी सूचना न देता तुटतात. आखडलेल्या निदान टेपला तरी कळतात. दोनशे उड्यांत एवढं आखडणं शक्यच नव्हतं. स्लायडरच्या कडीवरून रिगरनं माझं बोट फिरवलं, आतल्या बाजूला बारीक खरवड लागली. तीच खरवड दोऱ्यांचे धागे काढत होती.

हे घरी सांगितलं तेव्हा आप्पा हसले. उद्यमनगरात त्यांनी आयुष्यभर जुने लेथ घेतले आणि विकले. ते म्हणाले, "रंग मारलेला लेथ बघायचाच नाही. चकजवळचा बेड बघायचा. काम तिथं होतं, झीज तिथंच असते." छत्रीत काम ब्रेकच्या दोऱ्यांवर होतं. तिथं टेप लावली की उड्यांचा खरा आकडा बाहेर येतो. मालकानं किंमत कमी केली, मी सगळ्या दोऱ्या बदलून घेतल्या आणि तो रिग अजून माझ्याकडे आहे.

कापडाचंही थोडक्यात सांगते. जुन्या मेन एफ-१११ कापडाच्या असत. ते हाताळून हाताळून हवा झिरपू द्यायला लागतं आणि काही शे उड्यांनंतर छत्री उतरताना नीट फुगून धरत नाही. आताच्या मेन सिलिकॉन लावलेल्या झिरो पोरॉसिटी कापडाच्या, त्या खूप टिकतात. पहिल्या मेनसाठी दुसरा विचार करू नका, हीच घ्या.

### आता हिशोब

राजारामपुरीच्या मुलाचा रिग घेऊ. दोन हजार डॉलर. चौकशी केल्यावर कळलं, एएडीचे आठ महिने उरलेत. नवा घ्यायला तेराशेच्या आसपास. दोऱ्या बदलायला चारशे धरा. झाले ३,७००. आणि इतकं करूनही रिझर्व्ह १२६ चा, म्हणजे त्याच्या वजनाला अजिबात न चालणारा, आणि तो बदलायचा तर कंटेनरही बदलायचा. दुसरीकडे ३,६०० चा एक रिग होता. रंग मळखाऊ. एएडीला नऊ वर्षं बाकी, मेन आणि रिझर्व्ह दोन्ही मापाचे, दोऱ्या जवळजवळ नव्या. कागदावर सोळाशे डॉलर महाग असलेला हा रिग घेतल्या दिवशीच स्वस्त होता. त्याला हे चार ओळींत लिहून पाठवलं तेव्हा त्यानं पहिला सोडला.

यात कस्टम ड्युटी आणि कुरिअर धरलेलं नाही. भारतात मागवणार असाल तर ते आकडे आधी काढा. उड्या बाहेरच मारणार असाल तर रिग तिथेच तपासून, तिथेच ताब्यात घेणं सोयीचं.

### "वापरलेल्या वस्तूवर जीव कसा टाकायचा?"

हा आईचा प्रश्न. तो अगदी बरोबर आहे आणि त्याला हसण्यावारी नेऊ नये. तिला मी विचारलं, शिकताना मी कुठला रिग वापरत होते? केंद्राचा. शेकडो लोकांनी वापरलेला. प्रश्न आधी कुणी वापरला हा नाही, शेवटचं कुणी आणि कधी तपासलं हा आहे. बंद कपाटात दहा वर्षं न तपासलेल्या कोऱ्या रिगपेक्षा दर सहा महिन्यांनी रिगरच्या हाताखालून गेलेला जुना रिग मी डोळे झाकून निवडेन. आईचं समाधान पूर्ण झालं नाही. पण आता मी गेले की ती "पोचलीस का" याच्या आधी "रिगरला दाखवलंस का" असं विचारते.

### मग भाड्यानं काय वाईट?

काहीच नाही. भाडं उडीमागे पंचवीस-तीस डॉलर धरा. वर्षातून एकदा थायलंडला जाऊन वीस उड्या मारणार असाल तर पाच-सहाशे डॉलर होतील, आणि रिझर्व्ह, एएडी, दोऱ्या हे सगळं डोकं केंद्राचं. माझं मत विचाराल तर वर्षाला पन्नास उड्यांच्या आत असणाऱ्यानं पैशासाठी म्हणून रिग घेऊ नये. घ्यायचं खरं कारण वेगळं आहे. दर वेळी तोच रिग, तीच छत्री, हँडलं त्याच जागी. हात आंधळेपणानं शिकतात. ते भाड्याच्या रिगवर होत नाही.

### पैसे देताना

रिगरची निवड तुमची, विकणाऱ्याची नव्हे. रिग त्याच्याकडे जातो, पैसे दोघांच्या भरवशाच्या तिसऱ्याकडे राहतात, तपासणीचा अहवाल आला की सौदा पुरा होतो. तपासणीचा खर्च तुम्ही द्यायचा. सौदा फिसकटला तर तो वाया गेला असं वाटू देऊ नका. खरा विकणारा याला नाही म्हणत नाही. "अजून दोन गिऱ्हाइकं आहेत, आज आगाऊ टाका" म्हणणाऱ्याला त्या दोघांकडेच जाऊ द्या.

मेन, रिझर्व्ह, कंटेनर, एएडी, चारही भागांचे अनुक्रमांक लेबलांच्या फोटोसह मागवा. कंपन्या कधी एखाद्या भागात दोष सापडला की सूचना काढतात, त्यात आपला क्रमांक नाही ना ते रिगर बघतो. चोरीचं सामानही याच क्रमांकांवरून पकडलं जातं. आरएसएल आहे का तेही विचारा. ही एक पट्टी असते. मेन सोडली की ती रिझर्व्हची पिन आपोआप ओढते. पहिल्या रिगला ती हवीच.

### घरी आणल्यावर

आपल्याकडे जून ते सप्टेंबर भिंतींना ओल येते आणि घराघरात इन्व्हर्टर असतो. या दोन्ही गोष्टी रिगच्या जिवावर उठतात. बॅटरीतलं ॲसिड नायलॉन खातं, थेंब पडायचीही गरज नाही, वाफ पुरते. तेव्हा इन्व्हर्टरच्या खोलीत, जिन्याखाली, गाडीच्या डिकीत रिग ठेवू नका. माझा आतल्या खोलीतल्या लाकडी कपाटात असतो, जाड सुती पिशवीत, उंदरांच्या वर आणि उन्हाच्या आड. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा बाहेर काढून पंख्याखाली तासभर ठेवते. महिन्यातून एकदा तिन्ही कड्या सोडवून, त्यांचे पट्टे हातानं वाकवून मऊ करते आणि पिवळी केबल पुसते. तो पट्टा एकाच घडीत महिनोन् महिने राहिला तर कडक होतो आणि नेमक्या वेळी सुटायला कां कूं करतो. हे काम आप्पा माझ्याशेजारी बसून बघतात. मागच्या वेळी मी कडी उलटी अडकवत होते, ती त्यांनीच दाखवली.